बीपीचे मूळ किडनीच्या रक्तवाहिनीत असेल तर? स्टेंट कोणाला लागतो, कोणाला लागत नाही



मागच्या वर्षावासात कडाव परिसरातील एका विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही बीपी तपासायला बसलो होतो. रांगेत बहुतेक साठीच्या पुढची मंडळी होती. शेवटी एक चोवीस वर्षांची सून मुलाला कडेवर घेऊन उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, "ताई, हिचं काय बघता? हिचं वय आहे का बीपीचं? डोकं दुखतं तेवढंच."

डाव्या हाताला पट्टा बांधला. ११८/८०. कोणीही म्हणाले असते, सगळे ठीक आहे. पण सवयीने नाडी धरली, तर डाव्या मनगटाला ती जेमतेम लागत होती. म्हणून उजव्या हाताला पट्टा बांधला. १७८/११०. पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजले. तेवढेच.

दीड वर्ष ती डोकेदुखी सोसत होती. ज्या दवाखान्यात ती जायची तिथे दर वेळी डाव्याच हाताचे बीपी मोजले जायचे आणि "टेन्शन घेऊ नको" म्हणून दुखण्याच्या गोळ्या मिळायच्या. शेजारच्या बाईने भगताकडे न्यायचा सल्लाही दिला होता. पुढे मुंबईत तपासण्या झाल्या तेव्हा कळले की तिच्या डाव्या हाताची रक्तवाहिनी अरुंद झाली होती, म्हणून त्या हातात बीपी खोटे कमी दिसत होते. आणि उजव्या किडनीकडे जाणारी रक्तवाहिनीही अरुंद झाली होती. खरे बीपी तिथून वाढत होते.

त्याच सुमारास दुसऱ्या एका घरातून बोलावणे आले. सहासष्ट वर्षांचे आजोबा, बारा वर्षांपासून बीपीच्या गोळ्या चालू. सोनोग्राफीत किडनीची रक्तवाहिनी अरुंद दिसली. एका खाजगी ठिकाणी सांगण्यात आले, "ताबडतोब स्टेंट टाका, नाहीतर किडनी जाईल." मुलगा बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवायला निघाला होता. मोठ्या सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेतले. आजोबांचे बीपी दोन गोळ्यांवर १३४/८० होते आणि किडनीचे काम चांगले चालले होते. त्यांना स्टेंटची गरजच नव्हती. मंगळसूत्र घरातच राहिले.

आजार एकच, पण एका घरात तो दीड वर्ष कोणी ओळखला नाही आणि दुसऱ्या घरात नको तो उपचार गळ्यात पडणार होता. दोन्ही संकटे आपल्या वस्तीत येतात, म्हणून आज हा विषय.

साधे बीपी आणि कारण असलेले बीपी

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा आकडा ९० च्या पुढे राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दहापैकी नऊ जणांत त्याचे एकच असे कारण सापडत नाही. वय, घराणे, मीठ, वजन, तंबाखू, दारू, झोप, काळजी अशी सगळ्यांची मिळून ती गोष्ट असते. अशा बीपीला रोजची गोळी आणि राहणीतला बदल हाच उपाय.

पण थोड्या लोकांत बीपीमागे एक नेमके कारण असते. कधी ग्रंथीचा आजार, कधी किडनीचा आजार, कधी काही औषधे. त्यातलेच एक म्हणजे किडनीकडे रक्त नेणारी वाहिनी अरुंद होणे.

तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही. दुःखाला कारण आहे, कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, हेही सांगितले. वैद्यकाची रीतही अशीच आहे. आधी कारण शोधायचे, मग मार्ग ठरवायचा. आजार आहे म्हणून भगताकडे जायचे नाही, आणि कारण सापडले म्हणून विचार न करता ऑपरेशनच्या टेबलावरही चढायचे नाही.

किडनी बीपी का वाढवते?

वस्तीतली नळाची लाइन डोळ्यांसमोर आणा. टाकीवरून सगळ्या घरांना पाणी जाते. शेवटच्या घराचा पाइप मध्येच चेपला. त्या घरात पाण्याची धार बारीक झाली. त्या घरची माणसे पाणी सोडणाऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "पाणी येत नाही, जोर वाढवा." त्याने पाइप कुठे चेपलाय ते पाहिले नाही, पंपाचा जोर वाढवला. शेवटच्या घराला थोडे पाणी मिळाले, पण बाकीच्या घरांत नळ उडायला लागले, जुने जोड फुटायला लागले.

आपल्या शरीरात हेच होते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो. प्रत्येक किडनीला रक्त देणारी मुख्य वाहिनी बहुधा एकच असते. ती अरुंद झाली की त्या किडनीला वाटते, शरीरातच रक्त कमी पडले. मग ती 'रेनिन' नावाचा पदार्थ सोडते. त्यातून पुढे असे रस तयार होतात की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवते. सगळ्या अंगाचे बीपी चढते. चेपलेली असते किडनीची वाहिनी, पण फुटण्याची भीती मेंदूतल्या वाहिनीला आणि ताण हृदयाला.

हे अंदाजाने सांगितलेले नाही. १९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट या शास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या किडनीची वाहिनी चिमट्याने अर्धवट आवळून दाखवले की बीपी चढते. बीपीचे मूळ किडनीत असू शकते, हे त्या प्रयोगाने पक्के झाले.

वाहिनी अरुंद का होते?

मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले, उतारवयातले. वाहिनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचे थर बसतात, जसे हृदयाच्या वाहिनीत बसतात. विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेह असलेले, आधी हार्ट अटॅक किंवा लकवा झालेले, चालताना पोटऱ्या दुखून थांबावे लागणारे, अशांमध्ये हे जास्त आढळते. आजोबांचा प्रकार हाच.

दुसरे, वाहिनीच्या भिंतीचीच वाढ वेडीवाकडी होणे. वाहिनी मण्यांच्या माळेसारखी दिसते. हे तरुण आणि मध्यम वयाच्या स्त्रियांत अधिक होते. यात चरबीचा संबंध नाही.

तिसरे, वाहिनीला सूज येणे. १९०८ साली जपानचे डोळ्यांचे डॉक्टर मिकितो ताकायासू यांनी याचे वर्णन केले, म्हणून याला ताकायासूचा आजार म्हणतात. हृदयातून निघणारी मुख्य महाधमनी आणि तिच्या फांद्या यांची भिंत सुजते, जाड होते आणि आतली वाट अरुंद होते. हाताकडची फांदी अरुंद झाली की मनगटाची नाडी लागत नाही. किडनीकडची झाली की बीपी चढते. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या स्त्रिया असतात. आपल्या देशात तरुण वयात किडनीच्या वाहिनीमुळे बीपी वाढण्याचे हे मोठे कारण आहे. आपल्या सुनेला हाच आजार निघाला.

या आजारावर मुंबईतही मोठे काम झाले आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किनारे यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. लहान वयात होणारा महाधमनीचा दाह आणि क्षयरोग यांच्या संबंधावरचा त्यांचा लेख १९७० साली प्रसिद्ध झाला. क्षयामुळेच हा आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. पण क्षय वस्तीवस्तीत आहे, म्हणून अशा रुग्णाची क्षयाची तपासणीही डॉक्टर करतात. त्याला घाबरू नये आणि ती टाळूही नये.

कोणावर संशय घ्यावा?

प्रत्येक बीपीच्या रुग्णाने किडनीच्या वाहिनीची तपासणी करायची गरज नाही. पुढच्या खुणा असतील तर मात्र डॉक्टरांना सांगून विचारा:

१. तिशीच्या आत बीपी १४०/९० च्या पुढे निघाले, विशेषतः स्त्रीला किंवा लहान मुलाला.

२. पंचावन्ननंतर अचानक खूप जास्त बीपी सुरू झाले, किंवा वर्षानुवर्षे ताब्यात असलेले बीपी एकाएकी बिघडले.

३. तीन प्रकारच्या गोळ्या पूर्ण मात्रेत, त्यांत एक लघवी वाढवणारी, रोज घेऊनही बीपी खाली येत नाही.

४. दोन हातांच्या वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक, किंवा एका मनगटाची नाडी क्षीण.

५. शब्दाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली गोळी सुरू केल्यावर रक्तातले क्रिएटिनिन बरेच वाढले.

६. सोनोग्राफीत एक किडनी दुसरीपेक्षा बरीच लहान दिसली.

७. हृदय फारसे कमजोर नसताना रात्री अचानक दम लागून फुप्फुसात पाणी भरले, आणि असे पुन्हा पुन्हा झाले.

८. स्टेथोस्कोप पोटावर ठेवल्यावर डॉक्टरांना हुश्श-हुश्श आवाज आला.

तरुण मुलीला सतत थकवा, बारीक ताप, वजन उतरणे, चक्कर, डोकेदुखी असेल आणि कपडे धुताना किंवा भाकरी थापताना एकच हात लवकर भरून येत असेल, तर "सासरी करमत नाही", "कामचुकार आहे" असे म्हणण्याआधी तिच्या दोन्ही हातांची नाडी पाहा. आपल्या घरांत सुनेच्या दुखण्याला आजार म्हणायला उशीर होतो, आणि हा आजार उशीर माफ करत नाही.

बीपी मोजायची खरी पद्धत

पाच मिनिटे पाठ टेकून बसा. आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, मिश्री नको. लघवी करून या. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, ब्लाउजच्या किंवा सदऱ्याच्या बाहीवर नाही. हात छातीच्या उंचीवर टेकलेला. मोजताना बोलायचे नाही. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचे बीपी मोजून दोन्ही आकडे केसपेपरवर लिहून घ्या. पुढे ज्या हाताचा आकडा जास्त, त्याच हाताचे मोजायचे. दोन हातांत दहापर्यंत फरक असू शकतो, त्याची काळजी नाही.

"ताई, दुसऱ्या हाताचंही बघा ना," एवढे म्हणायला डिग्री लागत नाही. आशाताईंना, उपकेंद्रातल्या सिस्टरना, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना हे हक्काने सांगा.

तपासण्या कोणत्या?

आधी साध्या तपासण्या होतात. लघवी, रक्तातले क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, साखर, ईसीजी, किडनीची सोनोग्राफी. मग किडनीच्या वाहिनीची डॉपलर सोनोग्राफी. त्यात रक्ताचा वेग कळतो, सुई लागत नाही, औषध टोचत नाहीत. ती रिकाम्या पोटी करतात आणि हाताला सवय असलेल्या तज्ज्ञानेच करायला हवी. गरज पडली तर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी. सीटीत शिरेतून रंगद्रव्य देतात. किडनी आधीच कमजोर असेल तर त्याने ती आणखी दुखावू शकते, म्हणून जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट बरोबर न्या आणि दाखवा. ताकायासूचा संशय असेल तर सूज किती आहे हे पाहण्यासाठी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्याही करतात.

औषधे आधी

वाहिनी अरुंद आहे हे कळले तरी पहिला उपचार गोळ्यांचाच असतो. अॅम्लोडिपिन, लघवी वाढवणारी गोळी आणि 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातली गोळी, उदाहरणार्थ एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन. शेवटचा गट रेनिनच्या साखळीवरच घाव घालतो, म्हणून या आजारात तो चांगला उपयोगी पडतो. पण दोन्ही किडन्यांच्या वाहिन्या अरुंद असतील किंवा एकच किडनी चालू असेल, तर याच गोळीने किडनीचे काम मंदावू शकते. म्हणून गोळी सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलेच पाहिजे. ही गोळी गरोदरपणात चालत नाही, बाळाला अपाय होतो. दिवस राहिल्याचा संशय आला की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीच बीपीची गोळी थांबवू नका.

वयस्कर माणसाला यांच्या जोडीला कोलेस्टेरॉलची आणि बहुधा अॅस्पिरिनची गोळी देतात, कारण चरबीचे थर फक्त किडनीच्या वाहिनीत नसतात, हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिनीतही असतात. ताकायासूमध्ये आधी सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड आणि सोबतची औषधे देतात. सूज पेटलेली असताना फुगा किंवा स्टेंट शक्यतो टाळतात, कारण वाहिनी पुन्हा आवळते.

फुगा आणि स्टेंट म्हणजे काय?

जांघेतल्या किंवा मनगटातल्या वाहिनीतून, तेवढाच भाग बधिर करून, बारीक तार किडनीच्या वाहिनीपर्यंत नेतात. तारेवरून मिटलेला फुगा अरुंद जागी नेऊन फुगवतात, म्हणजे वाट मोकळी होते. स्विस रुग्णालयात काम करणारे डॉक्टर आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७८ साली किडनीच्या वाहिनीवर हा फुग्याचा उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे वाट पुन्हा मिटू नये म्हणून धातूच्या जाळीची बारीक नळी आत ठेवू लागले. तीच स्टेंट. ती कायमची आत राहते. नंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि बहुतेकांना बीपीची गोळीही चालूच ठेवावी लागते.

धोके कमी असतात, पण असतात. सुईच्या जागी रक्तस्राव, रंगद्रव्याने किडनीला त्रास, वाहिनीला चीर, चरबीचे कण सुटून पुढे अडकणे आणि काही महिन्यांनी पुन्हा अरुंद होणे.

मग सगळ्यांना स्टेंट का नाही?

चेपलेला पाइप सरळ केला की पाणी आले पाहिजे, असेच कोणालाही वाटेल. डॉक्टरांनाही तसेच वाटत होते आणि वर्षानुवर्षे स्टेंट टाकले गेले. मग शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले. अमेरिकेत झालेल्या 'कोरल' या अभ्यासात अशा ९४७ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन तुकड्या केल्या. एका तुकडीला चांगली औषधे, दुसरीला तीच औषधे आणि वर स्टेंट. साडेतीन वर्षांच्या आसपास लक्ष ठेवले. मृत्यू, हार्ट अटॅक, लकवा, किडनी निकामी होणे असे काही गंभीर घडले ते स्टेंटच्या तुकडीत १०० पैकी ३५ जणांना आणि फक्त औषधांच्या तुकडीत १०० पैकी ३६ जणांना. म्हणजे जवळजवळ सारखेच. हा निकाल २०१४ साली छापून आला. त्याआधी २००९ साली ८०६ रुग्णांच्या 'अॅस्ट्रल' अभ्यासातही स्टेंटने ठळक फायदा दिसला नव्हता, उलट काहींना त्या प्रक्रियेचाच गंभीर त्रास झाला होता.

याचे कारण समजून घ्या. चरबीने वाहिनी अरुंद झालेल्या वयस्कर माणसाचे बीपी बहुधा आधीपासूनचे असते. बारीक वाहिन्याही झिजलेल्या असतात. मुख्य पाइप सरळ केला तरी घरातला जुना गंजलेला नळ नवा होत नाही.

पण याचा अर्थ स्टेंट निरुपयोगी आहे असाही नाही. हे अभ्यास उतारवयातल्या, बऱ्यापैकी स्थिर रुग्णांवर झाले. पुढच्या रुग्णांना वाट मोकळी करण्याचा फायदा होऊ शकतो:

• तीन किंवा जास्त गोळ्या नीट घेऊनही बीपी धोकादायक पातळीवर असलेले.

• पुन्हा पुन्हा अचानक फुप्फुसात पाणी भरणारे.

• दोन्ही वाहिन्या किंवा एकुलत्या एका किडनीची वाहिनी खूप अरुंद असून किडनीचे काम झपाट्याने घटत असलेले.

• मण्यांच्या माळेसारखी वाहिनी असलेल्या तरुण स्त्रिया. यांना बहुधा नुसता फुगा पुरतो, स्टेंट लागत नाही आणि काहींचे बीपी गोळ्यांशिवायही ताब्यात येते.

• ताकायासूचे रुग्ण, सूज उतरल्यानंतर. यांच्यातही आधी फुगा, स्टेंट गरज पडली तरच.

किडनी पूर्ण सुकून आक्रसली असेल तर वाट उघडून ती परत जिवंत होत नाही. तिथे स्टेंटवर घातलेला पैसा वाया जातो.

डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न

कालामांना तथागतांनी काय शिकवले ते आपण विहारात ऐकतो. कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. डॉक्टरांचा अपमान न करता, नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरांना प्रश्नांचा राग येत नाही.

१. माझी वाहिनी किती टक्के अरुंद आहे? एक की दोन्ही?

२. अरुंद होण्याचे कारण काय, चरबी, भिंतीचा दोष की सूज?

३. माझी किडनी सध्या किती काम करते? तिची लांबी किती?

४. औषधे पूर्ण मात्रेत देऊन पाहिली का? आणखी काही महिने पाहता येईल का?

५. नुसता फुगा पुरेल का, की स्टेंटच हवा?

६. स्टेंटनंतर माझ्या गोळ्या कमी होतील, बंद होतील की तेवढ्याच राहतील?

७. हा उपचार योजनेत बसतो का?

"आत्ताच्या आत्ता पैसे भरा" अशी घाई कोणी केली तर रिपोर्टची झेरॉक्स मागा आणि दुसरे मत घ्या. रिपोर्ट तुमचे आहेत. स्थिर रुग्णाला एका आठवड्याने फरक पडत नाही. घाई कुठे करायची तेही लक्षात ठेवा. बीपी १८०/१२० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, दिसेनासे होणे किंवा फिट, तर लगेच १०८ ला फोन.

दागिना मोडण्याआधी

कडाव-कशेळेकडच्या वाड्या-पाड्यांतून आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन मुंबई. कर्जतहून थेट लोकल आहे. के.ई.एम.साठी परळला, शीव रुग्णालयासाठी शीवला, जे.जे.साठी भायखळ्याला उतरायचे. प्रवास दोन तासांच्या वर आणि रांग मोठी, म्हणून पहाटेची गाडी धरा, भाकरी बांधून न्या आणि सोबत वाचता येणारे एक माणूस असू द्या. जुने सगळे केसपेपर तारखेप्रमाणे एका पिशवीत लावा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या पहिल्या आठात आपला रायगड होता. आता ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. उपचार योजनेच्या यादीतला आणि रुग्णालय योजनेतले असले पाहिजे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला दाखवून मागणी करा. ती भीक नाही, कायद्याने दिलेली जागा आहे.

खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत पगारातून ईएसआय कापला जात असेल तर कार्ड काढून घ्या. त्यात घरच्यांचेही उपचार होतात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि त्यातून पुढे १९४८ चा कायदा आला. ज्यासाठी त्यांनी पाया घातला, ते कार्ड ठेकेदाराच्या टेबलात पडून राहू नये.

घरात काय करायचे?

मीठ दिवसाला एका माणसामागे एक लहान चमचा, त्यातच सगळे आले. सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचे यांत मीठ भरपूर असते. रोज खाऊ नका, आणि सुकी मासळी दोन पाण्यांत धुऊन घ्या. विडी, तंबाखू आणि मिश्री बंद. मिश्री दात घासायची पूड नाही, ती तंबाखूच आहे. दारू न पिण्याचे शील आपण घेतले आहे, ते बीपीसाठीही औषध आहे. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी चढते आणि किडनी बिघडते. गर्भनिरोधक गोळ्यांनीही काहींचे बीपी वाढते. त्या घेत असाल तर बीपी मोजत राहा.

शेवटी त्या सुनेविषयी

तिची सूज आधी औषधांनी उतरवली. काही महिन्यांनी किडनीच्या वाहिनीत फुगा फुगवला. स्टेंट टाकावा लागला नाही. आता उजव्या हाताचे बीपी १३० च्या आसपास असते. तीनच्या जागी एक गोळी आहे, सूज परत येते का हे पाहायला दर तीन महिन्यांनी मुंबईची फेरी आहे. आजार पूर्ण गेला असे डॉक्टर म्हणत नाहीत, आणि तीही म्हणत नाही. तिच्या केसपेपरवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: बीपी उजव्याच हाताचे मोजा.

पुढच्या पौर्णिमेला विहारात बीपीचा पट्टा आणा. रांगेत सुनांना आणि मुलींनाही उभे करा. आणि प्रत्येकाचे दोन्ही हात मोजा.

जय भीम.